एक बोट अंतर

ट्रेनिंगमध्ये मला पहिली थप्पड बसली ती मी समोरच्याला मारलं नाही म्हणून.

बॉक्सिंगचा पहिला दिवस होता. रिंग म्हणजे मैदानावर चुन्यानं आखलेला चौकोन. समोर माझ्याच बराकीतला, माझ्या शेजारच्या खाटेवर झोपणारा, इंदूरजवळच्या बेटम्याचा पोरगा उभा केला होता. वजन सारखं म्हणून आमची जोडी लावलेली. त्याला बॉक्सिंगमधलं ओ की ठो कळत नव्हतं. दोन्ही ग्लोव्ह पोटाशी धरून तो पंगतीत वाढायची वाट बघत असल्यासारखा उभा होता. शिट्टी वाजली. माझा उजवा हात त्याच्या नाकाकडे सुटला आणि नाकापासून एका बोटावर थांबला. मी थांबवला असं म्हणणं खोटं होईल. तो आपोआप थांबला. बेटमावाल्यानं डोळे मिटून घेतले होते. मार बसला नाही म्हणताना त्यानं एक डोळा उघडून पाहिलं आणि सगळी कंपनी खो खो हसली.

उस्ताद चौकोनात आले. फौजेत शिकवणाऱ्या हवालदाराला उस्ताद म्हणतात. आमचे उस्ताद बुटके, रुंद आणि कधीही आवाज न चढवणारे होते. ओरडणारा माणूस परवडतो, ही जात वाईट.

"मारा क्यों नहीं?"

"रोक लिया, उस्ताद."

"किसके ऑर्डर से रोका?"

याचं उत्तर माझ्याकडे होतं, पण ते त्या मैदानावर सांगण्यासारखं नव्हतं. मग ती थप्पड बसली. त्यांचा हात काही कुठं थांबला नाही. मी त्या क्षणापासून त्या माणसाचा द्वेष करायला लागलो आणि आजही करतो. त्यांनी मला जे शिकवलं ते मी नीट शिकलो, हे त्या द्वेषाचं मुख्य कारण आहे.

ऑर्डर होती इंदूरच्या परदेशीपुऱ्यातल्या एका म्हाताऱ्याची. अखाड्याच्या प्रमुखाला आमच्याकडे खलीफा म्हणतात. आमचे खलीफा तरुणपणी मिलमध्ये साच्यावर, म्हणजे कापड विणायच्या मागावर, होते. मिल बंद पडली, साचे भंगारात गेले. खलीफांचा अखाडा मात्र मिलच्याच मागच्या भिंतीला टेकून चालू राहिला. तांबड्या मातीचं अंगण, कोपऱ्यात शेंदूर फासलेला मारुती आणि भिंतीला उभ्या लावलेल्या लाठ्या. मी तिथं नवव्या वर्षी गेलो. खरं तर मला तिथं जायचं काही कारण नव्हतं. आम्ही रामबागेतले. पणजोबा होळकरांच्या दफ्तरात कारकून होते, ही आमच्या घराण्याची एकमेव शौर्यगाथा. वडील सरकारी कचेरीत. त्यांच्या लेखी अखाडा म्हणजे 'मिलवाल्यांची नाटकं'. मुलानं संध्याकाळी गणिताची शिकवणी लावायची सोडून मातीत लोळावं याचा त्यांना इतका राग होता की लाठी घेऊन घरात शिरलो की ते पेपर तोंडापुढे धरायचे. मी मुद्दाम त्यांच्यासमोरून न्यायचो.

लाठी फिरवायला कुणीही शिकतं. खलीफा शिकवायचे ते हात रोखणं. "मारना तो बैल को भी आता है," ते म्हणायचे. पूर्ण वेगानं, समोरच्याच्या कानशिलाचा नेम धरून वार करायचा आणि एक बोट अंतर राहिलं की थांबायचं. अलीकडे थांबलास तर भित्रा, पलीकडे गेलास तर कसाई. वार थांबला की खलीफा येऊन मधल्या जागेत स्वतःचं बोट घालून बघायचे. बोट अडकलं किंवा दोन बोटं मावली तर पुन्हा पहिल्यापासून. पहिलं वर्ष तर मला माणूस मिळालाच नाही. अखाड्याच्या ओल्या चुन्याच्या भिंतीवर वार करायचा आणि चुन्याला डाग लावायचा नाही. कंटाळून मी रडायचो. खलीफांना त्याचं काही नव्हतं. प्रेमळ बिमळ ते अजिबात नव्हते, उलट पोटात दुखत असल्यासारखा चेहरा करून खुर्चीत बसलेले असत.

वर्षानं मला जोडीदार दिला. लाठीची जोड एकदा लागली की ती मोडत नाहीत. तेच दोघं, वर्षानुवर्षं, उघड्या अंगानं, डोक्यावर काही नाही. कुणाच्या लाठीवर किती विश्वास ठेवायचा हे शरीरालाच पाठ होतं, म्हणून जोड बदलत नाहीत. माझा जोडीदार परदेशीपुऱ्यातलाच, माझ्याच वयाचा, त्याचे आजोबा खानदेशातून मिलसाठी आलेले. आता तो नमकीनच्या कारखान्यात मोठ्या कढईवर सेव पाडतो. लाठी चालू असताना त्याचं तोंड सतत चालू. "अबे, जोर लाव ना, सकाळी पोहे नाही खाल्ले का?" "अबे, पाय बघ तुझे, बारातमध्ये नाचतोय काय?" मी चिडायचो, तो हसायचा, आणि दोन्ही लाठ्या कानाजवळ येऊन थांबायच्या. अकरा वर्षांत त्यानं मला एकदाही लागू दिलं नाही, मीही त्याला नाही.

अनंत चतुर्दशीला मिलांच्या झांक्या, म्हणजे सजवलेले चित्ररथ, निघतात आणि झांक्यांच्या पुढे अखाडे चालतात. आमच्या अखाड्यापुढे कोणती जोड चालणार हे खलीफा ठरवतात. ज्यांची जागा होती ते दोघं चाळिशी ओलांडून गुडघ्यांना बाम चोळायला लागले होते. त्या वर्षी खलीफांनी आमची नावं घेतली. नेमकं त्याच महिन्यात माझं भरतीचं पत्र आलं. हिशोब केला तर ट्रेनिंग संपून पहिली सुट्टी गणपतीतच पडत होती. खलीफांना सांगायला गेलो तेव्हा ते म्हणाले, "जा. हाथ ले के जा रहा है, हाथ ले के आना." एवढंच. पाठीवर हात वगैरे काही नाही.

म्हणून मला ट्रेनिंगभर एकच गोष्ट करायची होती. धावणं, निशाणा, परेड हे तर सगळेच करतात. मला माझा हात शाबूत ठेवून परदेशीपुऱ्यात परत न्यायचा होता.

आमचं सेंटर महू ओलांडल्यावर, मानपूरच्या अलीकडे होतं. पहाटे पळायला बाहेर काढायचे तेव्हा आग्रा-मुंबई रस्त्यावरचे ट्रक दिसायचे, त्यातले निम्मे इंदूरला चाललेले. घर तासाभरावर आणि तरी सात महिने जाता येत नाही, हा फौजेचा विनोद मला कधी आवडला नाही. रविवारी तासभर फोन हातात मिळायचा. मी घरी दोन मिनिटं बोलायचो आणि उरलेला वेळ जोडीदाराशी.

"अबे, हात काय म्हणतोय?" हा त्याचा पहिला प्रश्न.

"आहे."

"आहे म्हणजे? रोज करतोस ना?"

रोज करत होतो. धोब्याच्या कपडे वाळवायच्या तारांमागे एक आडोसा होता. बराक पुसायच्या पोछ्याचा दांडा लाठीच्या जाडीचा निघाला. जुन्या मोज्यात वाळू भरून तो मोजा तारेला टांगायचा, पूर्ण वेगानं वार करायचा आणि एका बोटावर थांबायचं. मोजा हलला तर चुकलं. कंपनीला नाश्ता आणि परेडच्या मध्ये पंचवीस मिनिटं मिळायची. बाकीचे दाढी करायचे, मी पाच मिनिटांत खरडून घ्यायचो आणि वीस मिनिटं मोज्यापुढे. गालावर नेहमी कापलेलं असायचं. त्याचीही शिक्षा व्हायची, ती मी मुकाट्यानं घ्यायचो. पहिले दोन महिने मोजा हलला नाही.

बेटमावाला हे सगळं बघायचा आणि कुणाला सांगायचा नाही. उलट त्या पहिल्या दिवसापासून तो माझ्यावर खूश होता. बॉक्सिंगला आमची जोडी लागली की तो निवांत. "अपने को कोई टेंशन नहीं," तो बराकीत सगळ्यांना सांगायचा, "ये भिया रोक लेता है." भिया म्हणजे भैया. मला त्याचा राग यायचा. याला वाचवायला मी हात रोखत नव्हतो. पण त्याला तसं वाटायचं, आणि बदल्यात तो लंगरमधून माझ्यासाठी गरम पोळ्या काढून ठेवायचा.

पकडला गेलो तो एका सोमवारी. उस्ताद तारांमागे कसे आले देव जाणे. मी वार थांबवला आणि मोज्यापलीकडे त्यांचा चेहरा. त्यांनी मोजा हातात घेतला, वाळू बघितली, दांडा बघितला.

"अखाड़े का है?"

"जी उस्ताद."

"अच्छा रोकता है." मला वाटलं, आता हा माणूस समजून घेतोय. मूर्ख होतो. त्यांनी दांडा गुडघ्यावर आपटून दोन तुकडे केले. "सामने वाला भी एक उँगली पे रुकेगा क्या? तू रुकेगा, वो नहीं रुकेगा. फिर तेरी माँ को चिट्ठी मैं लिखूँगा? यहाँ एक ही हाथ चलता है." मग मला पिठ्ठू, म्हणजे पाठीवरची भरलेली पिशवी, घेऊन मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. त्या दिवशी किती फेऱ्या झाल्या ते मी मोजलं नाही. उलटी झाल्यावर थांबवलं.

त्यांचं म्हणणं चूक होतं असं मी म्हणत नाही. रागानं आंधळा असतानाही मला कळत होतं की बॉर्डरवर समोरच्याच्या कानशिलापाशी थांबून कुणी कौतुक करणार नाही. मला चीड होती ती दोघांचीही. एकानं बारा वर्षं घालून थांबायला शिकवलं, दुसरा सात महिन्यांत ते पुसायला बसला होता, आणि दोघांनाही खात्री होती की माझा हात त्यांच्याच बापाचा आहे.

मी दुसरा दांडा मिळवला. उस्तादांनी रिंगमध्ये मला रोज उभं करायला सुरुवात केली. रोज बेटमावाला समोर, रोज माझा हात थांबायचा, रोज मला शिक्षा. पालथ्या घड्यावर पाणी. मग त्यांनी शिक्षा देणं बंद केलं, ते जास्त भयंकर होतं. एका संध्याकाळी त्यांनी मला ऑफिसबाहेर बोलावलं आणि तशाच खालच्या आवाजात सांगितलं, की महिनाभरानं कंपनीची बॉक्सिंग टेस्ट आहे, तीत एकही ठोसा न लावणारा रेलिगेट होणार. रेलिगेट म्हणजे मागच्या तुकडीत ढकलणं. म्हणजे आणखी तीन महिने. म्हणजे गणपती गेले, अनंत चतुर्दशी गेली, अखाड्यापुढे दुसरी कुणीतरी जोड चालणार.

हात टिकवावा तर झांकी जाते, आणि झांकी गाठावी तर हात जातो. इकडे आड तिकडे विहीर.

मी स्वतःशी एक हुशारी केली. म्हटलं, दोन हात ठेवू. इथला एक, अखाड्याचा एक. युनिफॉर्म उतरवून घरचे कपडे घालावेत तसा बदलायचा. सकाळी तारांमागे थांबणारा, संध्याकाळी रिंगमध्ये न थांबणारा. असल्या युक्त्या फक्त अखाड्यातल्या पोरांना सुचतात, कारण आम्हाला लहानपणापासून वाटतं की हात म्हणजे आपण बाळगलेलं जनावर आहे, सांगू तसं वागेल. फोनवर जोडीदाराला सांगितलं तर त्यानं पहिल्यांदाच काही चेष्टा केली नाही. एवढंच म्हणाला, "अबे, असं होतं का?" मी म्हटलं, होतं. मला त्याच्या शंकेचाही रागच आला.

उस्तादांनी मला वाळूच्या गोणीवर घातलं. "बोरी के आर-पार मार. बोरी के पीछे जो है उसको मार." गोणीच्या मागे काय आहे असं त्यांनी विचारलं नाही, नाहीतर मी सांगितलं असतं. मला गोणीच्या मागे तेच दिसायचे. त्यांच्या त्या रुंद तोंडावर मी महिनाभर ठोसे घातले. हात सुटायला लागला. पहिल्यांदा तो थांबला नाही तेव्हा मनगटापासून खांद्यापर्यंत असं काही मोकळं झालं, की बारा वर्षं कुणीतरी दंड आवळून धरला होता असं वाटलं.

टेस्टच्या दिवशी समोर बेटमावाला. त्यानं हात पोटाशी धरले होते, नेहमीसारखे. टेस्ट आहे, आज मी मारणार आहे, हे मी त्याला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. आदल्या रात्री तो शेजारी पडून बहिणीच्या साखरपुड्याचं काहीतरी सांगत होता, तेव्हाही नाही. सांगितलं असतं तर त्यानं हात वर धरले असते, आणि मला तो उघडा हवा होता. हे मला तेव्हा माहीत होतं. नंतर सुचलेलं शहाणपण नाही हे.

शिट्टी वाजली. मी त्याच्या नाकाच्या पलीकडे मारलं. त्याचं नाक मोडल्याचा आवाज माझ्या हातातून वर आला. तो बसला, मग आडवा झाला, आणि रक्त चुन्याच्या रेघेवर गेलं. कंपनी ओरडत होती. उस्ताद आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "शाबाश. अब बना फौजी." वडिलांनी मला कधी शाबाश म्हटलं नव्हतं. खलीफा तर बोट घालून बघायचे आणि चुकलं नसेल तर गप्प बसायचे, तेच त्यांचं कौतुक. त्यामुळे तो शब्द मला नको इतका लागला. मी त्या माणसाचा द्वेष करत होतो आणि त्याच्या हाताखाली उभा राहून मला बरं वाटत होतं.

बेटमावाला दवाखान्यातून चार दिवसांनी परत आला, नाकावर पट्टी, आवाज गेंगाणा. खाटेवर बसून त्यानं बूट काढले आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "तू तो रोकता था ना भिया?" मी म्हटलं, टेस्ट होती. तो म्हणाला, हो, टेस्ट होती. त्यानंतर त्यानं पोळ्या काढून ठेवणं बंद केलं, आणि झोपताना तो भिंतीकडे तोंड करायचा. मी स्वतःला सांगितलं की बेटम्याचा असला नाजूक माणूस फौजेत आलाच कशाला.

त्या रविवारी तारांमागे मोजा टांगला. पहिल्या वाराला मोजा उडाला, शिवण फाटली आणि वाळू माझ्या बुटांवर पडली. मोजा जुना झाला होता असं मी ठरवलं. दुसरा मोजा भरला नाही. फोनवर जोडीदारानं विचारलं, "अबे, हात काय म्हणतोय?" तेव्हा मी म्हटलं, आहे.

गणपतीच्या सहाव्या दिवशी सुट्टी मिळाली. घरी गेलो तर वडील दारात उभे. माझ्या बापानं, ज्यानं बारा वर्षं पेपरमागे तोंड लपवलं, त्यानं मला शेजारच्या तीन घरांत फिरवून आणलं. "आमचा मुलगा, फौजेत आहे." त्यांना हात, लाठी, अखाडा यातलं काही नको होतं, फक्त केस कापलेलं डोकं हवं होतं. आई म्हणाली, "तू पहिले जेवून घे, फिर जा जिथे जायचंय तिथे." तिला माहीत होतं कुठं जायचंय ते. मी पुरणपोळी तशीच ठेवून परदेशीपुऱ्याला गेलो. तिचा चेहरा पडला, तेही मी पाहिलं आणि गेलो.

अखाड्यात सराव जोरात चालला होता. ढोलवाले येऊन बसले होते, पोरं दोन्ही टोकांना गोळे बांधलेल्या काठ्या, बनेट्या, फिरवत होती. जोडीदार कारखान्यातून तसाच आलेला, अंगाला तेलाचा आणि लवंगेच्या तिखटाचा वास. त्यानं मला मिठीच मारली. "अबे, काय हा टकला! गजानन वाटतोयस एकदम." खलीफांना वाकून नमस्कार केला. त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं आणि लाठीकडे बोट केलं.

सुरुवातीला सगळं ठीक चाललं. वार थांबत होते. पण थांबवावे लागत होते, हे फक्त मला कळत होतं. प्रत्येक वेळी आत कुणीतरी गाडीचा ब्रेक दाबल्यासारखा दाबायचा, आणि तो प्रत्येक वेळी थोडा उशिरा लागत होता. घाम फुटला. मला तिथंच थांबून सांगता आलं असतं, की खलीफा, हात बिघडलाय, दोन दिवस मला भिंतीवर करू द्या. नऊ वर्षांच्या पोरासारखं पुन्हा भिंतीपुढे उभं राहायची लाज वाटली. फौजी होतो ना मी आता. ढोलवाले बघत होते.

जोडीदाराचं तोंड चालूच होतं. "अबे, वजन वाढलं का तुझं? फौजेत नुसते लाडू खिलवतात काय? अबे, हात बघ, म्हशीचा पाय झालाय." सात महिने कुणी माझी अशी चेष्टा केली नव्हती. त्याच्या जागी मला ती रुंद, खालच्या आवाजाची आकृती दिसली असं म्हटलं तर छान वाटेल, पण तसं काही झालं नाही. मला तोच दिसत होता, हसणारा, आणि मला त्याचा राग आला. मी डावीकडून वार सोडला. त्यानं अंग हलवलं नाही. अकरा वर्षांत कधी हलवावं लागलं नव्हतं.

लाठी त्याच्या मानेच्या आणि खांद्याच्या मध्ये बसली. सुकी काटकी मोडावी तेवढाच आवाज झाला. तो खाली बसला नाही. उभाच राहिला, डावा हात उजव्या खांद्यावर धरून, आणि माझ्याकडे बघत राहिला. ढोल थांबले. खलीफा खुर्चीतून उठून आले, माझ्या हातातली लाठी काढून घेतली आणि भिंतीला लावली. शिवी नाही, थप्पड नाही. मला थप्पड हवी होती. ते जोडीदाराला घेऊन दवाखान्यात निघून गेले आणि अंगणात पोरं माझ्यापासून लांब सरकून उभी राहिली.

हासळीचं, म्हणजे गळ्यापासून खांद्यापर्यंतचं, हाड मोडलं होतं. सहा आठवडे पट्टा, आणि सेव पाडायला दोन्ही खांदे लागतात, म्हणजे तेवढे दिवस कारखान्यातही काम नाही. झांकीपुढे ते चाळिशीतले दोघं गुडघ्याला पट्ट्या बांधून चालले. मी गेलो नाही. घरी बसून वडिलांच्या शेजारी टीव्ही बघितला. वडील म्हणाले, बरं झालं, ती नाटकं सुटली. तेव्हा माझ्या डोक्यात जे आलं ते मी लिहिणार नाही.

परत जायच्या दिवशी सकाळी जोडीदाराच्या घरी गेलो. माझी आई आधी दोनदा जाऊन आली होती. मी लाजेनं गेलो नव्हतो, आणि लाज वाटली की मला समोरच्याचाच राग येतो, हा माझा स्वभाव. त्यानं दार उघडलं. खांद्यावरून इंग्रजी आठच्या आकड्यासारखा पट्टा आवळलेला. आत जाऊन डाव्या हातानं त्यानं चहा ठेवला. मदत करू का म्हटलं तर नको म्हणाला. कप समोर ठेवून तो बसला.

"माफ कर," मी म्हटलं. रस्ताभर पाठ केलेलं लांबलचक होतं, त्यातलं एवढंच निघालं. "हात रोखायला गेलो होतो, पण..."

"माफी वगैरे रहने दे," तो म्हणाला. त्याचा आवाज साधाच होता, रागाचा नव्हता. "एक गोष्ट सांग, एकदम खरी. मारते टाइम कसं वाटलं?"

मला खोटं बोलता आलं असतं. चुकून झालं, हात घसरला, घाम आला होता, असं काहीही. त्यानं ते मान्यही केलं असतं. पण अकरा वर्षं ज्याच्यापुढे मी उघड्या डोक्यानं उभा राहिलो होतो त्याच्याशी खोटं बोलायची मला हिंमत झाली नाही. हाड मोडल्याचा आवाज आला त्या क्षणी, त्याचं तोंड वेडंवाकडं व्हायच्याही आधी, माझ्या आत कुणीतरी शाबाश म्हणालं होतं. मी ते स्पष्ट ऐकलं होतं.

"बरं वाटलं," मी म्हटलं.

त्यानं मान हलवली.

"दिसलं होतं मला," तो म्हणाला. चहाचा एक घोट घेतला, कप खाली ठेवला. "मग आता कोणाशी जोड नको लावू, भिया."

अकरा वर्षं तो मला अबे म्हणत आला होता. भिया तर इंदुरात रस्ता विचारणाऱ्या अनोळखी माणसालाही म्हणतात.